मोगीच्या घराची लाह

सातपुडा मी आयुष्यभर फळ्यावर काढत आले. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. महाराष्ट्राच्या वायव्य कोपऱ्यात खडूनं दोन-चार शेवया ओढायच्या, खाली तापी, वर नर्मदा, आणि ‘नंदुरबार जिल्हा आदिवासीबहुल आहे, लिहून घ्या’ म्हणून पुढच्या जिल्ह्याकडे वळायचं, एवढाच माझा त्या मुलखाशी संबंध. मुली लिहून घेत. परीक्षेत तेवढंच विचारत, म्हणून तेवढंच पुरे. निवृत्त झाल्यावर मात्र एकदाची तिकडे जाऊन आले, आणि त्यालाही कारण झाला आमच्या फाटकावरचा जयसिंग.

मांजरी

पेठेतली जागा सोडून मांजरीला राहायला आले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, “मांजरी? अगं, मग पुणं सोडलंस असंच म्हण की.” खिडकीतून अजून थोडा ऊस दिसतो, त्यापलीकडे नव्या इमारती. सोसायटीची मी सचिव आहे. दुसरं कुणीही तयार नसल्यामुळे एकमतानं निवडून आले. त्यामुळे रखवालदारांच्या रजा, पाण्याचे टँकर आणि शिंतोडे उडवणारी गाडी कुणाची, हे सगळं माझ्याकडे.

जयसिंग पावरा आमच्या फाटकावर गेली कैक वर्षं आहे. शांत, नेमका माणूस. बायको मोगी आणि दोन मुली गावाकडे, धडगावच्या डोंगरात. एके दिवशी तो आठवड्याची रजा मागायला आला.

“घर पडायला आलंय मॅडम. खांब खालून कुजलेत. पावसाच्या आत नवीन उभं करायचंय. लाह बोलवलीय.”

लाह म्हणजे काय, ते त्यानं समजावून सांगितलं. तिकडे गवंडी, सुतार लावत नाहीत. घर बांधायचं, शेताला बांध घालायचा, असं मोठं काम निघालं की पाड्याला बोलवायचं. घरटी माणसं येतात, काम उरकतात. मजुरी कुणी घेत नाही. ज्याचं काम त्यानं जेवण द्यायचं, आणि पुढे दुसऱ्याकडे काम निघालं की आपण जायचं.

“आणि कुणी आलंच नाही तर?” मी विचारलं. प्रश्न अनुभवातून आलेला होता. आमच्या वार्षिक सभेला गणसंख्या कधी भरत नाही. सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी, उरलेल्या चार डोक्यांच्या बहुमतानं सगळे ठराव मंजूर होतात.

जयसिंग हसला. “लाहला माणूस येतोच, मॅडम. तुम्हीपण या.”

पुण्यात ‘या एकदा घरी’ याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो आणि त्याप्रमाणे कुणीही जात नाही. मी “येते” म्हणाले तेव्हा तो चपापला. खरं तर मीही चपापले. पण तोंडातून गेलेला शब्द परत घेणं आमच्या घराण्यात नाही.

तापीपलीकडे

नंदुरबारला सकाळी उतरलो. मिरची वाळवायच्या पथाऱ्या हंगाम संपल्यामुळे ओस पडल्या होत्या, पण वाऱ्यात ठसका शिल्लक होता. मी शिंकत शिंकतच जिल्ह्यात प्रवेश केला. तापी ओलांडून तळोद्याकडे निघालं की दोन्ही बाजूंना केळी, पपई आणि ऊस. ऊस पाहून मला उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मग सपाटी संपली आणि चांदसैलीचा घाट लागला. वैशाखातले डोंगर बोडके, तांबूस, आणि एकामागे एक इतके, की फळ्यावरच्या माझ्या शेवयांची मला लाज वाटली.

घाटात आमच्या जीपमध्ये गुजरातेत ऊसतोडीला जाऊन परतणारं एक कुटुंब चढलं. पातेली, गोधड्या, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि माणसं, सगळं एकमेकांच्या मांडीवर. माझ्या गुडघ्याला टेकून बसलेल्या बाईनं जयसिंगला काहीतरी विचारलं.

“ती विचारतेय, बाई कुठल्या,” तो म्हणाला. “मी सांगितलं पुण्याच्या. आता विचारतेय, पुण्यात काय तोडता?”

“काही नाही म्हणावं.”

त्यानं तसं सांगितलं. बाईनं माझ्याकडे इतक्या कणवेनं पाहिलं की, काहीतरी तोडत असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. उतरताना तिनं मला ओंजळभर चारोळ्या दिल्या. घ्यायचं नाकारणं जमलं नाही.

धडगावच्या बाजारात आमचुराचा वास होता. हे दिवसच त्याचे. डोंगरातल्या बायका कैऱ्या सोलून, चिरून, फोडी उन्हात वाळवतात आणि पोत्यांनी इथे आणतात. व्यापारी मूठभर हातात घेतो, रंग बघतो. फोड पांढरी तर भाव चांगला, वळवाच्या सरीत भिजून काळी पडली तर मेहनत मातीत. आपण भेळेवर जो आंबटपणा भुरभुरतो त्याच्यामागे हे एवढं ऊन असतं, हे इतकी वर्षं भेळ खाऊन मला कळलं नव्हतं.

पाडा

पाड्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना ते आवडेल की नाही, विचारायचं राहिलं.

आपल्याकडे गाव म्हटलं की घराला घर लागून असतं. इथे प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर. हाक मारली तर ऐकू जाईल, पण कुजबुज ऐकू जाणार नाही, इतक्या अंतरावर. मला ही रचना फार शहाणपणाची वाटली. आमच्याकडे भिंतीपलीकडची शिंक ऐकू येते आणि माणूस महिनामहिना भेटत नाही.

जयसिंगचं घर मात्र जागेवर नव्हतंच. मोगीनं आणि तिच्या भावानं ते आधीच उतरवून ठेवलं होतं. कौलांच्या रांगा, वाशांचा ढीग, नवे तासलेले खांब आणि मधोमध जमिनीवर पडलेलं लांबलचक सागवानी आढं. ते जुन्याच घराचं, धुरानं काळं झालेलं. दोरांनी खाली सोडला असेल, पण एवढा जाड सोट वर चढवणं दोन-चार माणसांचं काम नव्हतं. मोगी आणि मुली आंब्याखाली मांडव घालून राहत होत्या.

मोगी आश्रमशाळेत शिकलेली, मराठी स्वच्छ बोलते. तिनं मला पाणी दिलं, खाट दिली, आणि जयसिंगला म्हणाली, “दित्याबाबा सकाळपासून बसलेत.”

दित्याबाबा पाड्याचे कारभारी. भांडणतंटा, लग्न, मयत, सगळ्यात त्यांचा शब्द. वाळलेल्या खोडासारखे ताठ. ते पावरी भाषेत बोलले आणि जयसिंगचा चेहरा उतरला. काय झालं ते मोगीनं मला सांगितलं.

लाहचं बोलावणं प्रत्येकाच्या दारात जाऊन द्यायचं असतं. अंगणात उभं राहायचं, घरच्यांनी दिलेलं पाणी प्यायचं आणि मग सांगायचं. जयसिंगनं पुण्याहून पाड्याच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं: ‘रविवारी आमच्या घराची लाह आहे, सर्वांनी यावे.’ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या टाकी धुणार, पाणी जपून वापरावे’ असं टाकतात, अगदी तसंच. वर्षानुवर्षं असे निरोप वाचून त्याला तीच रीत वाटायला लागली असावी.

“बाबा म्हणतात, बोलावणं फोनला दिलंस, तर फोन येईल खांब उचलायला,” मोगी म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

रविवार दुसऱ्याच दिवशी होता.

दारोदार

उरलेला दिवस जयसिंग दारोदार फिरला. मीही काही घरांना त्याच्याबरोबर गेले. नुसतं बसून काळजी करण्यापेक्षा चालणं बरं, हा माझा जुना स्वभाव. सगळीकडे खाट टाकली गेली, पाणी आलं, माझी चौकशी झाली. जयसिंगनं हात जोडून बोलावणं केलं की मात्र समोरचा माणूस डोंगराकडे बघायचा. हो नाही, नाही नाही. नकार असाही देता येतो, हे पुणेकरीण असून मला नवीन होतं. आम्हाला तो शब्दांत आणि शक्यतो पाटीवर लागतो.

जयसिंगचा शाळासोबती गुलाब, त्याच्या अंगणात माझ्या हातून, म्हणजे पायातून, घोळ झाला. वाटेतली चपटी शिळा बघून मी तिच्यावर पाय दिला आणि गुलाबची आई ओरडली. शिळेवर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या होत्या. मी चांगल्या ओंजळभर फोडी तुडवल्या होत्या. खजील होऊन मी खाली बसले आणि तुटलेल्या फोडी वेचायला लागले. म्हातारीनं माझा हात धरला आणि मला खाटेवर नेऊन बसवलं. राग त्या क्षणीच संपला होता.

गुलाबचा जयसिंगवरचा राग मात्र तसा संपणारा नव्हता. दोघं एका वयाचे, आश्रमशाळेत एका पंगतीत जेवलेले. माझ्यासमोर बोलायचं म्हणून असेल, तो मराठीत बोलला.

“माझं घर झालं तेव्हा तू कुठं होता?”

“रजा नव्हती मिळाली.”

“दित्याबाबाचा बांध घातला तेव्हा? माझ्या भावाचं घर जळलं, पुन्हा उभं केलं, तेव्हा?”

जयसिंगनं हातातला तांब्या खाली ठेवला.

“आता तुझं घर आलं तर रजा मिळाली.” गुलाबनं पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेला. बाहेर आला नाही.

परतीच्या वाटेवर जयसिंग पुढे, मी मागे. टेकाड उतरताना तो म्हणाला, “धडगावचा एक कंत्राटदार आहे, मॅडम. सिमेंटचे खांब, वर पत्रा. त्याला सांगितलं तर महिन्यात घर होतं.”

हेच त्यानं मांडवात मोगीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, “घर होईल. मग तू जाशील पुण्याला. पोरीला ताप आला आणि डोंगर उतरवून न्यायची वेळ आली, तर कंत्राटदार झोळी उचलेल?”

मोगीनं भाकरी उलटली. त्या घरात काय पणाला लागलं होतं, ते मला तेव्हा कळलं. छपराचा प्रश्न पैशानं सुटला असता. पण सकाळी माणसं आली नसती, तर या बाईला उरलेलं आयुष्य हाकेला ओ न देणाऱ्या टेकड्यांमध्ये काढावं लागलं असतं. मला तिची फार काळजी वाटली, आणि जयसिंगचा रागही आला. त्याच्या फाटकावर उभं राहण्यामुळेच आम्ही सगळे निर्धास्त झोपत होतो हे माहीत असूनही आला.

लाह

मोगीनं पहाटेच चुलीवर मोठं पातेलं चढवलं होतं. उडदाची डाळ, भात, आणि तिच्या भावानं आणलेला बोकड. पाड्यातली एकही हाक कानावर येत नव्हती. ऊन मांडवाच्या कडेला आलं. जयसिंग खांबांसाठी खणलेल्या खड्ड्यांतली माती पुन्हा पुन्हा साफ करत होता. ते खड्डे आदल्या दिवशीच साफ झाले होते.

मी मोगीजवळ जाऊन बसले. “येतील गं,” म्हणाले. सभेला लोक येतील, असंही मी दरवर्षी म्हणते.

“एवढं शिजवलंय,” ती म्हणाली, “बघू.”

आधी दित्याबाबा आले. एकटेच, हातात कुऱ्हाड. मग समोरच्या टेकाडावरून दोघं उतरताना दिसले, खांद्यावर दोर. मग नाल्याकडून बायका, डोक्यावर पाण्याच्या घागरी. मग सगळीकडूनच. उतारांवरून माणसं येत होती, कुणी घाई न करता, आणि अंगण भरलं. शेवटी गुलाब आला. मी उगीचच चष्मा पुसला.

जयसिंग हात जोडून पुढे झाला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. दित्याबाबा मोगीसमोर जाऊन उभे राहिले आणि मोठ्या आवाजात बोलायला लागले. मला काहीच कळेना. मी जयसिंगकडे पाहिलं, आणि त्यानं सवयीनं, जीपमध्ये केलं होतं तसं, भाषांतर करायला सुरुवात केली.

“बाबा म्हणतात, मोगी प्रत्येकाच्या लाहला आली. पोटात पोर होतं तरी आली. भिंती लिंपल्या, माती वाहिली. बोलावणं पोचलं नाही तरी आली.” तो थांबला. बाबा थांबले नव्हते. “म्हणतात, आज पाडा आला तो मोगीकडे आला. हे घर मोगीचं म्हणून उभं राहील.”

“आणि?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“ज्यानं दुसऱ्याच्या खांबाला हात लावला नाही, त्यानं आज या खांबाला हात लावायचा नाही. जयसिंगनं पाणी वाहायचं.” स्वतःबद्दल तो असा बोलला, जणू फाटकावर कुणाचा निरोप देतोय. मग त्यानं मोगीजवळची रिकामी घागर उचलली आणि नाल्याकडे उतरला.

दिवसभर तो पाणी वाहत होता. पुरुषांत तो एकटाच डोक्यावर घागर घेऊन चढत होता. हसलं कुणी नाही. मला वाटतं, हसले असते तर त्याला सोपं गेलं असतं. खांब रोवले गेले, ठेचून घट्ट झाले. मग आढ्याची पाळी आली. दोर बांधले, टोकाला बेचकं असलेल्या लांब काठ्या लावल्या आणि सगळ्यांनी मिळून एक लांब आरोळी दिली. आढं जमिनीवरून सुटलं, हललं, अर्ध्यावर तिरकं झालं. बायका किंचाळल्या. जयसिंग नेमका चढण चढून आला होता. घागर टाकून तो दोन पावलं धावला, आणि थांबला. त्याचे दोन्ही हात पुढे आलेले होते, तसेच हवेत राहिले. गुलाबनं खांदा दिला, आढं सावरलं, वर गेलं आणि खांबांच्या माथ्यावरच्या बेचक्यांत बसलं. जयसिंग वळला आणि सांडलेली घागर भरायला परत खाली गेला. मी ते दृश्य विसरू शकत नाही. स्वतःच्या घराचं आढं चढताना नुसतं बघत उभं राहणं ही शिक्षा मी कुठल्या न्यायालयाच्या निकालात वाचली नाही.

ऊन कलेपर्यंत वासे बसले, अर्ध्यावर कौलं चढली. बायकांनी बांबूचे कूड लिंपायला घेतले. मीही चिखलात हात घातला. माझं काम बघून मोगीच्या थोरलीनं ते पुन्हा केलं, पण मला कळू न देता केलं.

मग पंगत बसली. पळसाच्या पानांवर मोगी आणि तिचा भाऊ वाढत होते. जयसिंग दूर, रिकाम्या घागरींजवळ बसला होता. जेवता जेवता गुलाब मोगीला म्हणाला, “बुधवारी माझ्या विहिरीचा गाळ काढायचाय. लाह हाय. येशील ना?”

बुधवारी सकाळी जयसिंगला फाटकावर हजर राहायचं होतं. कमिटीनं आठवड्याऐवजी चारच दिवसांची रजा दिली होती आणि तेव्हाच सांगितलं होतं, उशीर झाला तर दुसरा माणूस बघू. आमची दोघांची सोमवारची तिकिटं माझ्या पिशवीत होती. मोगी ‘हो’ म्हणायच्या आत तो उठून आला.

“मी येतो,” तो म्हणाला.

गुलाबनं मान वर केली. त्याच्याकडे बघितलं. मग समोरचं पान थोडं पुढे सरकवलं.

“डाळ वाढ,” म्हणाला.

जयसिंगनं मोगीच्या हातातून डाव घेतला. थोडी डाळ पानाबाहेर गेली. गुलाब जेवत राहिला.

परत

सोमवारी मी एकटीच निघाले. मोगीनं वाटेसाठी मक्याची भाकरी आणि आमचुराची पुरचुंडी दिली. जयसिंग जीपपर्यंत पोचवायला आला. “कमिटीला तुम्ही सांगा, मॅडम,” एवढंच म्हणाला. मी सांगते म्हणाले.

सांगितलं. तावातावानं सांगितलं. लाह, घागर, आढं, सगळं. सभासदांनी फार मन लावून ऐकलं. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग अध्यक्ष म्हणाले, “छानच अनुभव, पण गेटचं काय?” दुसरा माणूस ठेवायचा ठराव झाला. त्या दिवशी गणसंख्या भरली होती. ठरावावर सचिव म्हणून सही माझी आहे.

जयसिंगला कळवायचं काम माझ्याकडेच आलं. मी दोन दिवस टाळलं. इतकी वर्षं मुलींना नापास झाल्याचं सांगत आले, पण या फोनसाठी मला वाक्य सापडत नव्हतं. शेवटी एका सकाळी नंबर लावला. लागला. मागे माणसांचा गलबला होता.

“बोला मॅडम.”

“जयसिंग, अरे, कमिटीनं...”

“हां मॅडम, समजलं,” तो म्हणाला. आवाजात खेद होता, पण घाई त्याहून जास्त होती. “नंतर बोलू का? दित्याबाबाच्या लेकाचं घर आहे आज. आढं चढवतायत. मला बोलावतायत.”